कुणासाठी पाहिजे?

मेडिकलच्या काउंटरवर प्रश्न सहसा मागणी होऊन येतो. "तापाची गोळी द्या." "पोटाचं काहीतरी द्या." "ती पिवळ्या झाकणाची ट्यूब, मागं नेलेली." विचारणाऱ्याने उत्तर घरीच ठरवलेलं असतं, आमच्याकडे तो फक्त ते न्यायला आलेला असतो. खरी अडचण काय आहे हे उलट विचारल्याशिवाय कळत नाही, आणि उलट विचारलं की बऱ्याच जणांना राग येतो. मागे चार माणसं उभी, बाहेर गाडी चालूच ठेवलेली, अशा वेळी "कुणासाठी पाहिजे?" ऐकायला कुणाला आवडेल?

तरी आमच्या दुकानात हे विचारलं जातं. बार्शीतलं हे दुकान सासऱ्यांनी काढलेलं. फार्मसीचा डिप्लोमा मी माहेरून घेऊन आले, पण गिऱ्हाइकाला काय विचारायचं ते त्यांच्या शेजारी बसून शिकले. औषध देताना रुग्णाला नीट समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच आहे, असं २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये लिहिलं आहे. सासरे ते नियम यायच्या कितीतरी आधीपासून सांगत आले, आणि त्याचा वेगळा रुपया त्यांना कुणी दिला नाही. आम्हालाही कुणी देत नाही.

तापाच्या गोळीचंच घ्या. पॅरासिटामॉल ही इतकी घरातली झाली आहे की ती औषध आहे हेच लोक विसरतात. कोरोनापासून तर ६५० हा आकडा लहान पोरांनाही पाठ आहे. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर ती जाऊ द्यायची नाही. ६५० च्या सहा गोळ्या म्हणजे जवळजवळ तिथेच पोचलो. त्यात सर्दीची म्हणून जी गोळी वेगळी नेतात, तिच्यातही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच. मग एक तापाची, एक सर्दीची, एक अंगदुखीची अशा तीन रंगांच्या गोळ्या घेणारा माणूस एकच औषध तीनदा खात असतो. रोज पिणाऱ्याच्या यकृताला हे लवकर भोवतं. पण "दारू घेता का?" हे भर दुकानात विचारायचं कसं? आम्ही विचारतो, "रात्रीचं काही असतं का?" समजणारे समजतात. कुणी हसतं, कुणी बायकोकडे बघतं.

लेकरासाठी पाहिजे असेल तर गोष्ट आणखी नाजूक. पॅरासिटामॉलचं तान्ह्या बाळासाठीचं थेंबांचं औषध १ मिलीत १०० मिलिग्रॅमचं असतं. मोठ्या मुलांच्या साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. म्हणजे छोट्या बाटलीतलं औषध मोठ्या बाटलीतल्यापेक्षा चौपट कडक. लोकांना वाटतं उलटं. बाळाचं म्हणजे सौम्य. थेंबांचं औषध चमचाभर पाजलं तर एका दमात ५०० मिलिग्रॅम जातं. शिवाय चमचा कुठला? चहाचा, मीठमसाल्याच्या डब्यातला, की आजीचा जुना पितळी? बाटलीवर उलटं बसवलेलं खुणांचं माप लोक पहिल्याच दिवशी टाकून देतात. मी ते काढून गिऱ्हाइकासमोर धरते आणि ५ च्या रेघेवर पेनाने खूण करून देते. दुसऱ्यांदा येतात तेव्हा ती खूण पुसली गेलेली असली की बरं वाटतं. माप वापरात आहे.

२०२५ च्या ऑक्टोबरात खोकल्याच्या औषधाने मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मुलं दगावल्याची बातमी आली, त्या आठवड्यात आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. आईबाप अर्ध्या वापरलेल्या बाटल्या घेऊन यायचे. "ताई, ही त्यातली नाही ना?" बॅच नंबर कुठे छापतात, तो कसा वाचायचा, हे एवढ्या लोकांना मी एरवी कधी दाखवलं नसतं. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं होतं. महाराष्ट्राला ते नवं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच विष मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. सासऱ्यांना तो काळ चांगला आठवतो. पण घाबरून आलेल्या आईला इतिहास नको असतो. तिला सांगायचं ते एवढंच, की दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याची ही औषधं द्यायचीच नाहीत असं केंद्र सरकारनेच कळवलं आहे, आणि बहुतेक वेळा असा खोकला आपला आपण जातो. "मग काहीच द्यायचं नाही?" या प्रश्नातली निराशा मला कळते. रडणारं लेकरू कडेवर असताना काहीतरी हातात घेऊन घरी जावंसं वाटतंच.

जे द्यायला हवं ते मात्र धड दिलं जात नाही. जुलाब सुरू झाले की लोक "ओआरएस" मागतात, इथपर्यंत प्रगती झाली आहे. पुढे गाडी घसरते. एक बाई पाकीट नेते आणि साखरेसारखं चिमूट चिमूट प्रत्येक फुलपात्रात टाकते. दुसरी अख्खं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळते, कडक झालं तर लवकर गुण येईल म्हणून. दोन्ही चूक. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आत जाताना सोडियमला बरोबर घेऊन जातं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. हे होण्यासाठी दोन्हींचं प्रमाण ठरलेलं लागतं. पाणी कमी आणि साखर जास्त झाली तर उलट अंगातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं, म्हणजे जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं २०.५ ग्रॅमचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठीच आहे. पण घरात लिटरचं माप कुठे असतं? "तांब्याभर" म्हणतात, पण तांब्या तर घरागणिक वेगळा. मी सांगते, प्रवासात घेतलेली पाण्याची लिटरची बाटली असेल ना, ती स्वच्छ धुवा, पिण्याच्या पाण्याने गळ्यापर्यंत भरा आणि तेवढ्यात अख्खं पाकीट घाला. चोवीस तासांत उरलं तर ओतून द्या. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा, आणि तोही सपाट. 'सपाट' हा शब्द मी दोनदा म्हणते, कारण आपल्याकडे चमचा शिगोशीग भरायचीच रीत आहे.

या साध्या पाण्यामागे केवढं काम आहे हे सांगायला मला आवडतं. गर्दी नसेल तर सांगतेही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं हे पाणी ड्रममधून वाटायला लावलं. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आणि आमच्याकडे काय, तर फळाचं चित्र असलेला गोड खोका लोक ओआरएस म्हणून न्यायचे, कारण लेकरू ते आवडीने पितं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये अशा पेयांना ते नाव वापरायची बंदी केली. फार उशिरा केली, हे माझं मत.

आता साखर मोजायच्या यंत्राकडे येते. औषधाच्या दुकानात आताशा निम्मे प्रश्न यंत्रांचे असतात. घरोघरी बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, डिजिटल थर्मामीटर. यंत्र विकायला अर्धं मिनिट पुरतं, पण त्यातला आकडा गिऱ्हाइकाच्या पचनी पाडायला वर्ष जातं.

आमच्या गल्लीतल्या एका आजींचा मुलगा पुण्याला असतो. त्याने आईला ग्लुकोमीटर आणून दिलं, नातवाने ते मोबाइलला जोडलं, आणि आकडा थेट पुण्याला दिसू लागला. मे महिन्यात एका दुपारी त्याचा फोन. "वहिनी, आईची शुगर ३४२ दाखवतीय. ॲपवर लाल आलंय. गोळी दीड करू का?" मी म्हटलं, थांबा, गोळीला हात लावू नका, आधी आजींशी बोलू द्या. आजींना विचारलं, तपासायच्या आधी काय करत होता? "काय न्हाय गं बाय, नातवाला आंबे पिळून देत होते." हात धुतले होते का? "पदराला पुसले की." रस त्यांनी खाल्ला नव्हता; तो बोटाला होता. थेंब त्याच बोटातून काढलेला. साबणाने हात धुवायला लावले, कोरडे केले, दुसऱ्या बोटाची पहिली बारीक टिपकी पुसून दुसरी घेतली. १७१. आजींच्या मानाने ठीकच. सॅनिटायझर लावून भागत नाही, पाणीच लागतं, हेही तेव्हाच सांगून टाकलं.

यंत्र, ॲप, पट्टी सगळं व्यवस्थित होतं. पुण्याच्या मुलाचा प्रश्नही बरोबर होता. फक्त आंब्याचा उल्लेख त्यात कुठे नव्हता.

दोन यंत्रं दोन आकडे दाखवतात ही दुसरी नेहमीची तक्रार. एकावर १८०, दुसऱ्यावर २००. "ताई, फसवलं मला, परत घ्या." घरगुती ग्लुकोमीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात या पातळीला पंधरा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे दोन्ही यंत्रं खरीच बोलत असतात. हे पटवायला मी तेलाच्या घाण्यावरच्या आणि किराणा दुकानातल्या तराजूचं उदाहरण द्यायचे. आता देत नाही, कारण लोक तराजूच्या भांडणात शिरतात. बीपीचं तर विचारूच नका. जिना चढून येतात, उभ्याउभ्या दंडाला पट्टा गुंडाळतात, तो सुरू असताना फोनवर बोलतात आणि १६० बघून हबकतात. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, हात छातीच्या उंचीला टेबलावर ठेवा, चहा त्याआधी अर्धा तास नको. यातलं 'गप्प बसा' सगळ्यांत अवघड जातं.

इन्सुलिनचा प्रश्न उन्हाळ्यात येतो. एप्रिल-मेमध्ये बार्शीत पारा चाळिशी ओलांडतो आणि खेड्यावर वीज कधी जाईल सांगता येत नाही. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. त्यामुळे लोक ती प्रेमाने फ्रीझरला चिकटवून ठेवतात. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, पण कामातून गेलेलं असतं. ज्यांच्याकडे फ्रिजच नाही त्यांच्या जादा बाटल्या आम्ही आमच्या फ्रिजमध्ये नावाची चिठ्ठी लावून ठेवतो, एकेक नेतात. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे घरात चालते, पण घर तिशीच्या वर तापणारं नसावं. मग माठ. कोऱ्या माठात तळाशी पाणी, त्यात झाकणाच्या कोरड्या डब्यात बाटली, माठाला ओलं फडकं, आणि माठ वाऱ्याच्या कोपऱ्यात सावलीला. आमच्या कोरड्या हवेत माठ झिरपतो, पाणी उडतं, आत गारवा राहतो. वैरागकडच्या एका आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "त्यात काय नवं, आमी दही असंच ठेवतो." हाच सल्ला मी रत्नागिरीच्या नणंदेला दिला असता तर फसला असता. दमट हवेत माठाचं पाणी उडत नाही. प्रश्न तोच, औषध तेच, आणि गाव बदललं की उत्तर बदललं.

हल्ली मोबाइलला विचारून येणारे वाढले आहेत. पूर्वी व्हॉट्सॲपवरचा मजकूर दाखवायचे, आता यंत्राने लिहून दिलेलं सविस्तर, मुद्देसूद उत्तर दाखवतात, तेही मराठीत. मी त्याला नाक मुरडत नाही. बऱ्याचदा ते उत्तर माझ्या अर्ध्या मिनिटाच्या बोलण्यापेक्षा पूर्ण असतं. पण पावसाळ्यात एक मुलगा आला, ताप आणि अंग ठणकतंय, त्यावर आयबुप्रोफेन चालतं असं फोनवर आलेलं. चालतं, एरवी. पण तो ज्या वस्तीतून आला तिथे डेंगीचे रुग्ण निघत होते. डेंगीची शंका असताना आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन द्यायची नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. फोनला त्याने ताप सांगितला, वस्ती सांगितली नाही. विचारायला हवी हे त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. साधी पॅरासिटामॉल दिली आणि रक्त तपासायला पाठवलं.

काही प्रश्न फक्त माझ्याकडे येतात, कारण मी बाई आहे. काउंटरवर सासरे किंवा नवरा असला की त्या बायका शांपूच्या बाटल्या उचलून बघत बसतात, मी मोकळी होईपर्यंत. गौरी-गणपती, लग्नसराई, पंढरपूरची वारी आली की मागणी एकच: पाळी पुढे ढकलायची गोळी. नॉरएथिस्टेरॉन हे हार्मोन आहे, चिठ्ठीवर द्यायचं, आणि तारखेच्या तीनेक दिवस आधीपासून सुरू करायचं. "उद्या पूजा आहे" म्हणून आज आलेल्या बाईला तिचा उपयोग नसतो. पायात रक्ताची गाठ झालेली, यकृताचा त्रास, अंगावर पाजणारी, अशांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नावच काढू नये. इतकं सांगून झालं की ती हळूच विचारते, "आणि न घेता बसलं तर चालतं का हो?" हा प्रश्न कुठल्या रजिस्टरमध्ये बसत नाही. मी माझं मत सांगते: बसा, देवाला हिशोब मागायचा असेल तर माझं नाव सांगा. कुणी बसतं, कुणी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन परत येतं.

दिवाळीच्या साफसफाईत संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतून खोकत आलेल्या बायका दरवर्षी असतात. त्यातून क्लोरीन वायू निघतो. खिडक्या उघडा, मोकळ्या हवेत जा, श्वास लागला तर थेट दवाखाना. झुरळांसाठी कणकेत बोरिक पावडर मळून गोळ्या ठेवणाऱ्यांना मी एकच विचारते, घरात रांगतं मूल आहे का.

ट्यूबचं राहिलंच. नायटा, गजकर्ण यावरच्या ज्या ट्यूबा लोक नावाने मागतात, त्यांतल्या बऱ्याचशांत बुरशीच्या औषधाबरोबर कडक स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ट्यूब भारी. आत बुरशी मोकाट पसरते, कातडी पातळ होते, आणि मग कुठलंच मलम लागू पडत नाही. चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही. गिऱ्हाईक उठून दुसरीकडे जातं, तिथे मिळते. अँटिबायोटिकचंही तेच. काही ठरावीक अँटिबायोटिक २०१४ पासून एच१ रजिस्टरमध्ये डॉक्टरांच्या आणि रुग्णाच्या नावानिशी लिहावी लागतात, तीन वर्षं ती नोंद सांभाळावी लागते. "लिहा की माझं नाव, मी काय चोर आहे का" असं म्हणणाऱ्याला चिठ्ठीचं महत्त्व पटवणं मला आजही धड जमत नाही. गल्ला कमी भरतो, हे खरं आहे, आणि त्यावरून घरात कधीमधी बोलणंही होतं.

वाचणाऱ्यांना एकच विनंती. गोळ्यांची स्ट्रिप कापताना नाव आणि एक्सपायरी छापलेलं टोक शेवटपर्यंत राखा, दुसऱ्या टोकाकडून वापरत या. एक्सपायरी म्हणून छापलेला महिना संपेपर्यंत औषध चालतं. आणि दुकानदाराला फोटो पाठवायचा असेल तर छापील बाजूचा पाठवा. "छोटी पांढरी, मधे रेघ असलेली" अशा गोळ्या आमच्या फळीवर शेकड्यांनी आहेत.